ओठ साफ दिसले पाहिजेत

बाळासाहेब ज्याच्यावर चिडले नाहीत असं यंत्र त्यांच्या घरात अजून आलेलं नाही. मिक्सर अडला की ते मिक्सरला बोलतात, लिफ्ट मधेच थांबली की लिफ्टला बोलतात, आणि एकदा तर त्यांनी वजनकाट्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. त्या भांडणात मुद्दे आपलेच बरोबर होते, असं ते आजही सांगतात. पण हे सगळे किरकोळ राग. तळपायाची आग मस्तकात जाणारा खरा राग त्यांना आणला तो डीव्हीडीने. आणि त्याला कारण झालं नानांचं एक वाक्य.

नाना म्हणजे बाळासाहेबांचे वडील. ताठ कण्याचे, आणि बोलायला इतके कंजूष, की घराला आग लागली तर "धूर" एवढंच म्हणतील आणि पेपर घेऊन बाहेर जाऊन उभे राहतील. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला बाळासाहेबांनी हॉल घेतला, नातेवाईक जमवले, आणि शूटिंगला बाहेरचा माणूस कशाला, म्हणून स्वतःच नवा एचडी कॅमेरा घेऊन उभे राहिले. बऱ्याच जणांची भाषणं झाली. बायकोच्या भावाचं, म्हणजे मेहुण्याचं, भाषण तर झालं असं म्हणताच येणार नाही. ते चालूच राहिलं. शेवटी कुणीतरी नानांच्या हातात माइक दिला. नानांनी माइककडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज ताई यायला हवी होती."

माइक टेबलावर ठेवला आणि जेवायला बसले.

हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण ताई म्हणजे नानांची थोरली बहीण, बाळासाहेबांची आत्या, आणि या भावाबहिणीचं बोलणं बाळासाहेब शाळेत होते तेव्हापासून बंद. भांडण त्या दोघांच्या वडिलांच्या रेडिओवरून. रेडिओ फळीवरून पडला. ताईने तो कडेला ठेवला म्हणून पडला, असं नाना म्हणाले. कडेला त्यानेच ठेवला होता, मी फक्त पुसत होते, असं आत्या म्हणाली. त्या दिवसापासून रेडिओ बंद आणि ही दोघंही बंद. वाढदिवसाचं आमंत्रण आत्याने जसंच्या तसं परत पाठवलं होतं. "बोलावणं बाळचं आहे, त्याचं नाही," असा निरोप होता. बाळ म्हणजे बाळासाहेबच. पेन्शन समोर दिसायला लागली तरी आत्यासाठी ते बाळच.

तर असं ते वाक्य. बाळासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी आत्याच्या सुनेला, म्हणजे वहिनीला, फोन करून ते सांगितलं. वहिनीने ते आत्याला सांगितलं आणि परत फोनवर आली. "त्या म्हणतात, खोटं आहे."

"खोटं कसं? सगळ्या हॉलने ऐकलंय!"

"त्या म्हणतात, हॉलला काय जातंय. त्याच्या तोंडून निघताना दिसू दे, मग मानीन."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्याला ऐकू येत नाही. कानाचं यंत्र ती लावत नाही, कारण त्यातून नको त्या माणसांचंही ऐकू येतं असं तिचं म्हणणं. ती ओठ वाचते, आणि असे वाचते, की घरात तिच्याकडे तोंड करून कुणी कुणाची निंदा करत नाही. म्हणजे आत्याला नानांचे ओठ दिसायला हवे होते. ओठ, साफ.

नानांनी तिच्यासमोर जाऊन परत बोलायला साफ नकार दिला. "एकदा बोललो. सगळ्यांदेखत बोललो. मी काय रेडिओ आहे, बटण दाबलं की बोलायला?"

हल्लीच्या दिवसांत डीव्हीडी कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "फोनवर का नाही पाठवत?" पाठवलं होतं. वहिनीच्या फोनवर नानांचं तोंड शेंगदाण्याएवढं दिसत होतं, त्यात ओठ कुठले शोधायचे? आत्याकडे जुना टीव्ही होता आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर. त्या टीव्हीला दुसरं काही जोडता येत नव्हतं. आणि तो प्लेअर पूर्वी कौतुकाने नेऊन दिला होता खुद्द बाळासाहेबांनी. त्यामुळे नवीन टीव्ही घे म्हणायची सोय नव्हती. "चांगला चाललाय की तू दिलेला," असं ती म्हणाली असती, आणि त्यावर बोलणार काय, कपाळ?

बाळासाहेब विमा कंपनीत दावे तपासतात. लोक आपल्या चेपलेल्या गाड्यांचे आणि गळक्या छतांचे फोटो पाठवतात आणि बाळासाहेब त्यावर 'फोटो अस्पष्ट, पुन्हा पाठवा' असा शेरा मारतात. या शेऱ्याने त्यांनी भली भली माणसं रडकुंडीला आणली आहेत. तेव्हा स्पष्ट चित्र म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, अशा थाटात ते कॉम्प्युटरसमोर बसले.

पहिली डीव्हीडी निघाली. टीव्हीवर लावली. चित्र आलं. हॉलमधला प्रत्येक माणूस दोन्ही बाजूंनी दाबून उंच केलेला. मेहुणा, जो एरवी दारातून आडवा येतो, तो चक्क सडपातळ दिसत होता. नाना बराच वेळ पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिले.

"मी इतका वाळलोय?"

"नाही हो नाना, तो डीव्हीडी काढतानाचा, एक्स्पोर्टचा घोळ आहे," बाळासाहेब म्हणाले.

"डॉक्टर कसं काही बोलला नाही," नाना म्हणाले, आणि त्या दिवसापासून दुप्पट जेवायला लागले.

शेजारी एक इंजिनिअर राहतात. त्यांचं आयुष्य बॉयलर दुरुस्त करण्यात गेलं, पण इंजिनिअर म्हटल्यावर बिल्डिंगमध्ये त्यांना सगळंच विचारतात आणि ते सगळंच सांगतात. ते चहाचा कप हातात घेऊनच आले. "रुंद चित्र चौकोनी डब्यात कोंबलंत तुम्ही," ते म्हणाले. "तिथे एक खूण असते, रुंद पडद्याची. ती केली नाहीत. बेसिक आहे हो." हे 'बेसिक आहे हो' बाळासाहेबांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी खूण केली. मनातल्या मनात इंजिनिअरच्या बॉयलरचा उद्धारही केला.

दुसऱ्या डीव्हीडीत माणसं आपापल्या मापाची झाली. नाना नानांएवढे, मेहुणा मेहुण्याएवढा. बाळासाहेब हसणार, तेवढ्यात पडद्यावरच्या नानांनी मान हलवली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कंगवा फिरला. खरंच कंगवा. जो जो हलेल, त्याच्या कडेला आडव्या आडव्या दात्यांची रांग. नाना गप्प असेपर्यंत उत्तम दिसत होते. तोंड उघडलं की ओठांचा झाडू होत होता. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकं तेच दिसत नव्हतं.

"कापडाने पुसून बघितलीत का?" काकूंनी विचारलं. त्या वाटी परत करायला आल्या होत्या आणि टीव्ही चालू दिसल्यावर बसल्याच.

"काय पुसून?"

"डीव्हीडी. नाहीतर टीव्ही. आमच्याकडे पुसलं की येतं."

बाळासाहेबांचा चेहरा लाल झाला. बायको मधे पडली नसती तर त्या दिवशी वाटीचंही काही खरं नव्हतं.

त्यांनी सॉफ्टवेअरच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथे 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं इतक्यांदा सांगण्यात आलं, की महत्त्वाचा असता तर उचलला असता, असं बाळासाहेब शेवटी त्या रेकॉर्डवरच ओरडले. मग एक मुलगी आली, अतिशय गोड आवाजाची.

"सर, डीव्हीडी चालतेय का?"

"चालतेय. पण तोंड—"

"चालतेय ना सर? मग आमच्या बाजूने तक्रार बंद होते."

"अहो, माझ्या वडिलांचे ओठ दिसत नाहीत!"

"सर, त्यासाठी आपण डॉक्टरांना दाखवलंत का?"

बाळासाहेबांनी फोन आपटला. फोन आपला स्वतःचाच आहे, हे त्यांना आपटल्यावर आठवलं.

कंगव्याचा उपायही शेवटी इंजिनिअरांनीच सांगितला, आणि सांगताना पुन्हा 'बेसिक आहे हो' म्हणाले. चित्राच्या ओळी एकाआड एक येतात, म्हणे, आणि इथे आधीची नंतर आणि नंतरची आधी लागली आहे. तो क्रम उलटवला तसा कंगवा गेला. पण आता नवीनच दुखणं आलं. मेहुण्याचं भाषण.

झालं होतं काय, की सबंध समारंभ एकाच डीव्हीडीत बसवायचा होता, आणि त्यात मोठा वाटा मेहुण्याच्या भाषणाचा होता. जितकं जास्त कोंबावं तितकं चित्र भुसभुशीत होत जातं. "भाषण काढा," इंजिनिअर म्हणाले. "निम्मी जागा मोकळी होईल. चित्र बघा कसं काचेसारखं येतं."

"माझ्या भावाचं भाषण काढणार?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "त्याने रजा टाकून ते पाठ केलं होतं."

"अगं, आत्याला फक्त नानांचं एक वाक्य बघायचंय!"

"मग बघू दे की. भाषणानंतर येतंच ते."

"वाक्याची वेगळी डीव्हीडी करतो."

"म्हणजे तुमच्या वडिलांची वेगळी, आणि माझ्या भावाला डच्चू. करा, करा. लक्षात ठेवीन मी."

बाळासाहेब विमा कंपनीत कुणालाही 'नामंजूर' म्हणू शकतात, पण घरात तो शिक्का चालत नाही. भाषण राहिलं. वर कॉम्प्युटरमध्ये जागा संपली म्हणून इंजिनिअरांनी सुचवलं, "इथली मूळ कॉपी उडवा ना. कॅमेऱ्याच्या कार्डात आहेच." बाळासाहेबांनी ती उडवली. एवढ्या सगळ्या सल्ल्यांतला तेवढाच एक त्यांनी न चिडता ऐकला.

तिसऱ्या डीव्हीडीत मेहुण्याचं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतं. नानांच्या चेहऱ्याच्या मात्र बारीक चौकटी झालेल्या, फरशी बसवावी तशा. दुरून बघितलं तर बरं दिसत होतं. सोफ्याच्याही मागे, दारापाशी उभं राहिलं तर फारच बरं. "पाठवून तरी द्या," बायको म्हणाली. "त्यांची नजर तीक्ष्ण आहे." बाळासाहेबही वैतागले होते. त्यांनी ती कुरिअर केली.

वहिनीचा फोन आला तेव्हा ते ऑफिसात होते.

"भावजी, हे काय पाठवलंत? आईंनी कालपासून टीव्हीकडे पाठ फिरवली आहे."

"का? दिसलं नाही का?"

"दिसलं ना! त्या म्हणतात, एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर उभं राहून म्हणतो, 'आज ताई यायला नको होती.'"

"नको? हवी! हवी होती म्हणाले ते! तुम्हाला आवाज ऐकू येतोय ना?"

"मला येतोय हो. मी सांगितलं त्यांना. तर म्हणाल्या, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. आणि म्हणाल्या, मी गेलेच नव्हते तरी यायला नको होती म्हणतो, म्हणजे किती मनात ठेवलं असेल बघ."

बाळासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. रेडिओ नुसता पडला होता. हे तर त्याच्या वरताण झालं. एक भाऊ इतक्या वर्षांनी 'हवी' म्हणतो आणि कॉम्प्युटर त्याचं 'नको' करून बहिणीच्या घरी पाठवतो! तेवढ्यात समोर एक गृहस्थ गाडीच्या फोटोंचा गठ्ठा घेऊन आले आणि दबकत म्हणाले, "साहेब, मूळ फोटो चांगला होता. पाठवताना असा झाला."

"माहितीये!" बाळासाहेब ओरडले आणि त्यांनी दावा मंजूर केला. रागानेच केला, पण केला. गृहस्थ आभार न मानता पळाले.

नानांना यातलं काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं. आणि आता कुणाचा सल्ला घ्यायचा नाही, हे बाळासाहेबांनी एकट्याने ठरवलं. ते कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन थेट बाजारातल्या स्टुडिओत गेले. काउंटरमागे स्टुडिओवाला एका लेन्सवर फुंकर मारत बसला होता. मागच्या काचेवर त्याच्याकडे होणाऱ्या कामांची नावं रंगवलेली होती. ती वाचायच्या मनःस्थितीत बाळासाहेब नव्हते.

"यात माझ्या वडिलांचं शूटिंग आहे," त्यांनी कार्ड आपटलं. "सगळ्यांनी मिळून त्याची वाट लावली आहे. मला हे साफ करून पाहिजे."

"पूर्ण साफ?"

"पूर्ण! एक डाग राहता कामा नये. पुढचं माझं मी बघीन."

स्टुडिओवाल्याने लेन्स खाली ठेवली. "वडिलांचं आहे म्हणता. विचार केलाय ना?"

"विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली आहे. तुम्ही करा."

"नाही, माणसं रागाच्या भरात येतात आणि मागून रडतात, म्हणून विचारलं."

"मी रडणारा वाटतो का तुम्हाला?"

स्टुडिओवाल्याने त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि कार्ड घेऊन आत गेला. बाहेर आला तो कामाचं समाधान चेहऱ्यावर घेऊन. "घ्या. कोरं करकरीत." माणूस कामाचा आहे, असं बाळासाहेबांना वाटलं. या सगळ्या प्रकरणात त्यांना कुणाबद्दल असं वाटलेली ही पहिलीच वेळ.

घरी येऊन त्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटर म्हणाला, यात काही नाही. त्यांनी काढून परत लावलं. काही नाही. उलटं लावायचा प्रयत्न केला, ते बसेना. मग ते तसेच उलट पावली स्टुडिओत गेले. यावेळी मात्र त्यांनी काच वाचली. 'लग्नसमारंभ शूटिंग.' 'पासपोर्ट फोटो.' आणि त्याखाली, लाल रंगात: 'जुनी कार्डं साफ करून मिळतील.'

"तुम्ही पुसलंत ते?" त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं.

"तुम्हीच म्हणालात की, एक डाग राहता कामा नये! मी दोनदा पुसलं. आता कुणाच्या बापाला सापडणार नाही." आणि मग त्याला आठवलं. "म्हणजे, तुमच्याही."

बाळासाहेबांना भांडायचं होतं. त्यांच्याजवळ शब्द तयार होते, हातवारे तयार होते, आजूबाजूला बघणारी चार माणसंही जमली होती. पण शब्द त्यांचाच होता. 'साफ करा' असं ते स्वतःच्या तोंडाने, वरच्या पट्टीत, म्हणाले होते. इतका राग आणि तो ठेवायला जागा नाही, अशी अवस्था त्यांच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. आता उरले होते ते फोनवरचे शेंगदाण्याएवढे आणि डीव्हीडीवरचे फरशीसारखे नाना. घरी येताना ते लिफ्टलासुद्धा काही बोलले नाहीत.

घरी मात्र बोलावं लागलं. नाना समोरच बसले होते, त्यांना कार्डाचं सांगितलं.

"पुसलं?" नाना म्हणाले.

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"एक वाक्य," नाना उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला बाळासाहेबांनी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "सबंध जन्मात मनातलं एक वाक्य बोललो. एक! तुला ते सांभाळता आलं नाही? तीन डीव्हीड्या, दोन फोन, तो बॉयलरवाला, आणि एक वाक्य सांभाळता आलं नाही?"

"तुम्हीच एकदा जाऊन बोलला असता तर—" बाळासाहेबांचाही बांध फुटला. "साधं समोर जाऊन बोलायचं! तेवढं सोडून सगळं आम्ही करायचं?"

"अहो, भांडता काय नुसते," बायको म्हणाली. "तिकडे त्या बिचाऱ्या आत्याबाई समजून बसल्यात, नाना म्हणाले ताई यायला नको होती."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण नानांनी ऐकलं होतं.

"नको?" नाना म्हणाले. "मी नको म्हणालो? कोण म्हणतं?"

"तुमचे ओठ," बाळासाहेब म्हणाले. "तिसऱ्या डीव्हीडीतले."

नानांनी चपला घातल्या. दारातून मागे न बघताच म्हणाले, "गाडी काढ."

बाळासाहेबांनी सवयीने कॅमेरा बरोबर घेतला होता, पुसलेलं कार्ड आत घालून. आत्याच्या घराचं दार वहिनीने उघडलं आणि ती बाजूला झाली. आत्या खिडकीशी खुर्चीत बसली होती, टीव्हीकडे पाठ करून, म्हणजे दाराकडे तोंड करून. नाना दारातच थबकले. खोली लहान, एवढंसं अंतर, पण ते चालायला त्यांना जड जात होतं. रागाने आले होते, तो राग जिना चढतानाच कुठेतरी सांडला होता.

"मी नको म्हणालो नाही," नाना तिथूनच म्हणाले.

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उजेडात ये."

नाना दोन पावलं पुढे आले. ओठ थरथरत होते. एवढे, की बाळासाहेबांना क्षणभर वाटलं, इथेही ओळींचा क्रम उलटा लागला की काय. त्यांनी घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला.

"बाळ, ते डबडं खाली घे," आत्या म्हणाली. "मधे येतंय."

बाळासाहेबांनी कॅमेरा खाली घेतला.

"ताई," नाना म्हणाले, "तू यायला हवी होतीस."

आत्या बघत राहिली. तिच्या चष्म्याच्या काचा धुकटल्या होत्या, पण त्या पुसायला तिने हात उचलला नाही. वहिनीने मागून बाळासाहेबांच्या कानात सांगितलं, "कळलं त्यांना. दारात उभे होते तेव्हाच कळलं."

"साफ दिसलं नाही," आत्या म्हणाली. "परत बोल."

"तू यायला हवी होतीस."

"अजून एकदा."

नानांचा आवाज भरून आला होता, पण स्वभाव कुठे जातो? ते एकदम डाफरले, "मी काय रेडिओ आहे?"

"रेडिओ तूच पाडलास," आत्या म्हणाली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. "आता बस इथे, आणि बोल."

नाना बसले. आणि बोलले.